मँचेस्टरचा कळवळा आणि आमचा गिरणीकामगार



आजचा विषय कार्यक्रमपत्रिकेत ‘कामगार संघटना आणि परराष्ट्र व्यापार’ असा छापला आहे. तो वाचून काही मंडळींनी घरी राहणे पसंत केले असेल, तर त्यांना मी दोष देणार नाही. मी आपल्यापुढे एकच प्रश्न ठेवणार आहे. परदेशचा व्यापारी आपल्या कामगाराच्या दुःखाने डोळे पुसू लागला, तर त्या कामगाराने काय करावे?

प्रश्न जुना आहे. १८५४ साली कावसजी दावर यांनी मुंबईत सूतगिरणीची कंपनी काढली. पुढे गिरण्या वाढल्या, आणि मुंबईचे सूत चीनच्या बाजारात जाऊ लागले. हे मँचेस्टरला खुपल्यावाचून कसे राहील? तेथील गिरणीवाल्यांनी दोन गोष्टी मागितल्या. हिंदुस्थानात येणाऱ्या कापडावरील जकात काढून टाका, ही एक. आणि हिंदी गिरण्यांतील मुलाबायकांचे हाल थांबविण्यासाठी कायदा करा, ही दुसरी. १८८१ साली पहिला फॅक्टरी कायदा झाला आणि १८८२ साली जकात गेली. या दोन सालांचा शेजार आपण ध्यानात ठेवावा.

कायदा तरी केवढा होता? सात वर्षांच्या आतील मुलाला कामावर लावू नये, आणि सात ते बारा वर्षांच्या मुलाकडून दिवसाला नऊ तासांहून अधिक काम घेऊ नये. प्रौढ बायकापुरुषांच्या तासांविषयी त्यात अवाक्षर नाही. शंभराहून कमी माणसे असतील त्या कारखान्याला तो लागूच नाही. तरीही आमच्या बहुतेक राष्ट्रीय पत्रांनी अशा कायद्यांविरुद्ध झोड उठविली. हा लँकेशायरचा डाव आहे, असे त्यांचे म्हणणे. ते खोटे नव्हते, डाव होताच. पण आठ वर्षांचे पोर नऊ नऊ तास यंत्रापाशी उभे राहते, हेही तितकेच खरे होते. डाव ओळखणाऱ्या तीक्ष्ण नजरांना ते पोर मात्र दिसले नाही.

ते दिसले नारायण मेघाजी लोखंडे यांना. हे जोतीराव फुल्यांचे सहकारी, ‘दीनबंधु’चे संपादक, आणि स्वतः काही काळ गिरणीत नोकरी केलेले. १८८४ च्या सप्टेंबरात त्यांनी मुंबईत कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजारांच्या आसपास सह्यांचा अर्ज तयार केला. अर्जातल्या मागण्या पाहा. रविवारी सुटी असावी. दुपारी अर्धा तास विसावा मिळावा. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावे. पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत मिळावा. यंत्रात हात सापडला तर काहीतरी भरपाई मिळावी. या मागण्यांत मँचेस्टरची बाजू नाही आणि गिरणीमालकांची तर नाहीच नाही. ज्याचा हात यंत्रात सापडतो, त्याची बाजू आहे. २४ एप्रिल १८९० रोजी सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली. दोन स्त्रिया तीत बोलल्या. त्या काळी ही काय गोष्ट होती, याचा अंदाज आपणच करा. त्याच वर्षी १० जूनला मालकांच्या संघाने आठवड्याच्या सुटीची मागणी मान्य केली. सरकारचा दुसरा कायदा त्यानंतर, १८९१ साली आला.

आणि मँचेस्टरचा कळवळा? १८९६ साली हिंदी गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के अबकारी कर बसविला गेला. परदेशी कापडावरील जकातही तेवढीच होती, म्हणजे तिचा फायदा आमच्या गिरण्यांना मिळू नये. तो कर पुरता उठायला १९२६ साल उजाडावे लागले. येथे मुलाबायकांचे नाव घेण्याचीही कोणाला गरज वाटली नाही.

आता शंभर वर्षे ओलांडू. १९९२ साली अमेरिकेच्या काँग्रेसमध्ये एक विधेयक आले. मुलांनी केलेला माल आमच्या बंदरात उतरू देऊ नये, असा त्याचा आशय. ते कधी मंजूर झालेच नाही. पण नुसत्या धाकानेच बांगलादेशातील कपड्यांच्या कारखान्यांनी हजारो मुले काढून टाकली. पन्नास हजारांचा आकडा त्या वेळी सांगितला जात होता. ती शाळेत गेली नाहीत. विटा फोडावयास गेली, रस्त्यावर विकावयास बसली, काहींच्या वाट्याला त्याहून वाईट आले. शाळेची आणि विद्यावेतनाची व्यवस्था करण्याचा करार व्हायला १९९५ साल उजाडले.

१९९६ च्या डिसेंबरात सिंगापूरला जागतिक व्यापार संघटनेची परिषद झाली. कामगारांच्या हक्कांची अट व्यापाराच्या करारात घालावी, असा श्रीमंत देशांपैकी काहींचा आग्रह होता. हिंदुस्थान सरकारने विरोध केला, आणि विशेष म्हणजे आमच्या बहुतेक मध्यवर्ती कामगार संघटनाही त्या विरोधात होत्या. हे काम आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचे आहे, असे अखेर ठरले. निर्णय मला योग्य वाटतो. मात्र व्यापाराची अट नाकारणाऱ्याने घरात दुसरे काहीतरी उभे करावयास हवे होते.

आमच्या घरात काय होते? १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने एका धंद्यासाठी एकच प्रातिनिधिक संघ मानला. मुंबईच्या गिरण्यांत तो मान राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे राहिला. १८ जानेवारी १९८२ ला सुमारे अडीच लाख कामगार दत्ता सामंतांच्या मागे संपावर गेले, तेव्हा कायद्याच्या दृष्टीने त्यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार ज्यांना ते मानत नव्हते त्यांच्याकडेच होता. संप रीतसर मागे घेतला गेला नाही. दरम्यान माग भिवंडीत चालूच होते, जेथे संघटना जवळजवळ नव्हती. १८८१ च्या कायद्यातली ती शंभर माणसांची मर्यादा मला येथे आठवते.

२४ एप्रिल ही तारीख पुन्हा एकदा येते. २०१३ साली त्याच दिवशी ढाक्याजवळची राणा प्लाझा ही इमारत कोसळली. अकराशेहून अधिक माणसे गेली. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते. खालच्या मजल्यावरची बँक बंद राहिली; वरच्या कारखान्यांतील कामगारांना मात्र पुन्हा आत बोलावले गेले. नाही म्हणावयास तेथे संघटना नव्हती. पुढच्याच महिन्यात परदेशी कंपन्या आणि कामगार संघटना यांच्यात एक बंधनकारक करार झाला. धोकादायक इमारतीत शिरण्यास नकार देण्याचा कामगाराचा हक्क त्यात मान्य झाला.

बालकामगारांविषयीचे दोन आंतरराष्ट्रीय करार हिंदुस्थानने २०१७ साली मान्य केले. संघटनेच्या स्वातंत्र्याचे ८७ आणि ९८ क्रमांकांचे करार अजून मान्य केलेले नाहीत. सरकारी नोकरांच्या नियमांशी ते जुळत नाहीत, असे कारण दिले जाते. भिवंडीचा मागवाला सरकारी नोकर कधी झाला, हे मला ठाऊक करून घ्यावयाचे आहे.

अध्यक्षमहाराजांनी घड्याळ पाहिले आहे. कोणाला काही विचारावयाचे असल्यास मी थांबलो आहे.