साथ ओसरल्यावर प्रयोगशाळेचं काय?



गावात साथ आली की डॉक्टर दिसतात, नर्सबाई दिसतात, आशाताई दारोदार फिरताना दिसतात. रोग नेमका कोणता, हे ठरवणारा माणूस मात्र आपल्या दृष्टीस पडत नाही. तो प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकापुढे बसलेला असतो. आज त्याच्या कामाविषयी बोलू.

१८९६ साली मुंबईत प्लेग शिरला. वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या लहानशा जागेत लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. ही गोष्ट गुरुजी मुलांना सांगतातच. मला तिचा पुढचा भाग अधिक मोलाचा वाटतो. प्लेगसाठी मांडलेली ती प्रयोगशाळा प्लेग हटल्यावर मोडली नाही. १८९९ साली ती परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसात गेली, १९२५ साली तिला हाफकिन यांचं नाव मिळालं, आणि पुढे सर्पदंशावरचं औषधही तिथे तयार होऊ लागलं.

करोनाच्या वेळी काय झालं? जानेवारी २०२० मध्ये केरळातल्या पहिल्या रुग्णाचा नमुना तपासला गेला तो पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत. ही संस्था १९५२ पासूनची. तिथे माणसं कामाला सरावलेली होती, म्हणून तर ते जमलं. वर्षभरात देशात दोन हजारांहून अधिक प्रयोगशाळांतून ती चाचणी होऊ लागली.

मग साथ ओसरली. यंत्रं राहिली, पण रसायनांची मुदत संपते, आणि कंत्राटावरचा तंत्रज्ञ दुसरीकडे पोट भरायला जातो. वर्षभर दावणीला उपाशी ठेवलेला बैल पेरणीच्या दिवशी औत ओढील काय? गोव्यात तयार होणारं ट्रूनॅट यंत्र पहा. ते क्षयाच्या तपासणीसाठी होतं, २०२० साली करोनासाठी जुंपलं. आता त्यावर रोज थुंकी तपासली गेली, तर यंत्रही चालू राहतं आणि तपासणाऱ्याचा हातही. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२१ मध्ये जिल्ह्याजिल्ह्यात एकात्मिक सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळांची योजना सुरू केली. इमारत एकदा बांधता येते, पण माणसाचा पगार दर महिन्याला लागतो, एवढं मात्र विसरून चालणार नाही.

तुम्ही म्हणाल, यात आमचं काय काम? अहो, प्रयोगशाळेला रोजचं काम तुमच्या गावातूनच मिळतं. विहिरीच्या पाण्याचा नमुना घ्या. तो नीट घेतला नाही, तर पुढची सारी मेहनत वाया. प्रयोगशाळेकडून आलेल्या निर्जंतुक बाटलीत थोडंसं औषध असतं. ‘बाटली घाण दिसते’ म्हणून ती विसळू नका! पाण्यातल्या क्लोरीनचा जोर ते औषध थांबवतं; नाहीतर जंतू वाटेतच मरतात आणि वाईट पाणी कागदावर चांगलं ठरतं. नळाचं पाणी दोन-तीन मिनिटं वाहू द्या, मग बाटली भरा, काठोकाठ नको. बुचाच्या आतल्या बाजूला बोट लावू नका. बर्फात ठेवून चोवीस तासांच्या आत पोचवा.

आणखी एक. वस्तीत जुलाब-उलट्या सुरू झाल्या, की घाईघाईने आधी टीसीएल टाकतात. टाकलीच पाहिजे, पण त्याआधी दोन मिनिटं काढून नमुना भरा. नाहीतर रोग कुठून आला हे कधीच कळत नाही.

गुरुजी, अहवाल आला की त्याची एक प्रत शाळेच्या फळ्याशेजारी लावा. वरच्या वर्गातली मुलं तो वाचून घरी सांगतील. त्यावर ‘पिण्यास अयोग्य’ असा शेरा असेल, तर त्याच दिवशी ग्रामपंचायतीला सांगून पाण्याचं शुद्धीकरण करवा, तोवर घरोघर पाणी उकळून प्यायला लावा, आणि शुद्धीकरण झाल्यावर दुसरी बाटली मागवून पुन्हा नमुना पाठवा.