घरातली तालीम

आपल्या गावच्या जत्रेत कुस्तीचा फड भरतो, तेव्हा आपण बहुतेक जणी स्वयंपाकघरात असतो. हलगी ऐकू येते, आरडाओरडा ऐकू येतो, कोण चितपट झाला ते रात्री जेवताना कळतं. म्हणून आज मुद्दाम कुस्तीवरच बोलणार आहे. गोष्ट आहे जपानमधली, एका पैलवान बापाची आणि त्याच्या लेकीची.

जपान फार लांब वाटत असेल, पण कुस्तीत आपलं त्यांचं नातं जुनं आहे. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक आणलं, तेव्हा त्याच वजनगटाचं सुवर्णपदक शोहाची इशी या जपानी मल्लानं नेलं होतं. खाशाबा खेळले ती फ्रीस्टाइल कुस्ती. हिच्यात पाय धरता येतो, म्हणजे आपला पट काढता येतो. मातीऐवजी मॅट आणि चितपट नाही झालं तर गुणांवर निकाल, एवढं ध्यानात ठेवा.

तर एइकात्सु योशिदा हे जपानचे राष्ट्रीय विजेते मल्ल. ऑलिंपिकला मात्र त्यांना जायला मिळालं नाही. पुढे त्यांनी त्सु शहरात राहत्या घरालाच जोडून तालीम काढली आणि आसपासच्या लहान पोरांना शिकवायला लागले. घरात दोन मुलगे आणि धाकटी साओरी. १९८२ चा तिचा जन्म. तीन वर्षांची असताना तिलाही मॅटवर उतरवलं. तेव्हा बायकांची कुस्ती ऑलिंपिकमध्ये नव्हतीच, ती आली २००४ साली. म्हणजे पोरीला पुढे पदक मिळेल, नोकरी लागेल, असा काही हिशेब त्या बापाजवळ असणं शक्य नव्हतं. पोरांना शिकवतोय तर पोरीलाही, एवढंच.

पाच वर्षांची असताना ती एका स्पर्धेत मुलाकडून हरली. त्याच्या गळ्यातलं पदक बघून मलाही तेच पाहिजे म्हणून हट्टाला पेटली. हे दुकानात विकत मिळत नाही, कष्ट करणाऱ्यालाच मिळतं, असं वडिलांनी सांगितलं. मग रोज शाळा सुटली की तालीम. वडिलांचा सगळा भर एकाच गोष्टीवर, समोरच्याच्या पायात शिरून पट काढायचा. चढाई आपण करायची, वाट बघत उभं राहायचं नाही.

इथं मला थोडं अडतं. तीन वर्षांच्या पोरीला कुणी विचारलं होतं का? शिस्त बापाची, स्वप्नही बापाचंच. ती जिंकली म्हणून आज आपण कौतुक करतो. आपल्याकडे कुणी हे डोळे झाकून करू नये, असं माझं मत आहे. पण उलटी बाजूही बघा. गटाच्या बैठकीत मुलींच्या खेळाचा विषय निघाला की पहिला प्रश्न येतो, कान मोडले तर लग्न कसं जमणार? तो प्रश्न त्या बापानं आड येऊ दिला नाही.

२००४ ला अथेन्स, २००८ ला बीजिंग, २०१२ ला लंडन. ५५ किलो गटात तिन्ही वेळा सुवर्ण. लंडनमध्ये आपली गीता फोगाट ज्या कॅनडाच्या टोन्या व्हर्बीककडून हरली, त्याच व्हर्बीकला अंतिम फेरीत साओरीनं हरवलं. वडील प्रशिक्षक म्हणून मॅटच्या कडेलाच होते. जिंकल्यावर तिनं त्यांना खांद्यावर उचलून घेतलं. ज्यांना मल्ल म्हणून तिथं पोहोचता आलं नव्हतं, ते लेकीच्या खांद्यावर बसून ऑलिंपिकचा आखाडा बघत होते!

आईचं मात्र कुणी फारसं बोलत नाही. युकियो योशिदा, स्वतः टेनिस खेळलेली बाई. २००८ च्या जानेवारीत साओरी एका अमेरिकन मुलीकडून हरली. सलग ११९ कुस्त्या जिंकल्यानंतरची ही हार, आणि तीही पट काढायला गेली असताना उलट डाव बसून. पोरगी रडून रडून बेजार. तेव्हा आईनं तिला समजावलं, की तुझ्याकडून हरलेल्या ११९ जणींनी हेच दुःख सोसलंय, त्यांच्यामुळेच तू इथवर आलीस. मैत्रिणींनो, हरून आलेल्या लेकराला जवळ घेऊन असं सांगायला केवढी समज लागते! वडिलांनी डाव शिकवला, पण मला विचाराल तर त्या घरात वस्ताद दोन होते.

११ मार्च २०१४ ला वडील गेले. मोटार चालवत असताना मेंदूत रक्तस्राव झाला. वय अवघं ६१. त्याच आठवड्यात टोकियोत विश्वचषक होता. साओरी दुःख पोटात घालून मॅटवर उतरली आणि जपाननं तो चषक जिंकला.

२०१६ च्या रिओ ऑलिंपिकला अंतिम फेरीत अमेरिकेच्या हेलन मारुलिसनं तिला ४-१ नं हरवलं. तिथंच ती ढसाढसा रडली. रौप्यपदक गळ्यात असताना देशाची माफी मागत होती. त्यानंतर ती राष्ट्रीय संघात प्रशिक्षक म्हणून शिकवायला लागली. स्वतःची कुस्ती अजून सोडलेली नव्हती, ती सोडल्याचं २०१९ च्या जानेवारीत सांगितलं. आता तिच्या हाताखाली विशीतल्या पोरी होत्या, तिचेच डाव तिच्यावर टाकायला निघालेल्या.

पुढचं ऑलिंपिक टोकियोत झालं, २०२१ साली. रिओला साओरी ज्या ५३ किलो गटात हरली होती, त्या गटाचं सुवर्ण मायु मुकाइदानं जिंकलं. ही मुलगीही साओरीच्याच मिए प्रांतातली.