दवाखान्यात तर पोचलो, पुढं काय?

(अनसिंग, जि. वाशीम येथे महिला गटांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)

बाळंतपणावर बोलायला मला उभं केलं आहे. इथं बसलेल्या आपण बहुतेक जणी त्यातून गेलेल्या आहोत, तेव्हा शिकवायला मी उभी नाही. एक हिशेब मांडायचा आहे. त्यात माझी चूकही आहे, तीही सांगणार आहे.

मी १९९२ साली लग्न होऊन अनसिंगला आले. तेव्हा वाशीम जिल्हा झाला नव्हता, आपण अकोला जिल्ह्यात होतो. माझी दोन्ही बाळंतपणं घरी झाली, सुईणीच्या हातून. ती रात्रभर उशाशी बसली, कंबर चोळली, चहा पाजला, फिरावंसं वाटलं तेव्हा फिरू दिलं. एक शब्द वाकडा बोलली नाही. पण त्याच सुईणीच्या हातून १९९४ साली माझी जाऊ गेली. मूल झालं, वार पडेना, रक्त थांबेना. जीप मिळेपर्यंत दीड तास गेला आणि वाशीमच्या वाटेवरच ती संपली. सुईण आमच्या अंगणात डोकं धरून बसली होती. तिची माया खरी होती, पण रक्त थांबवायचं औषध तिच्याजवळ नव्हतं.

त्या दिवसापासून मी दारोदार सांगत सुटले, बाळंतपण दवाखान्यातच करायचं. सासवांशी भांडले, नवऱ्यांना समजावलं. पुढं सरकारही तेच सांगू लागलं. २००५ साली जननी सुरक्षा योजना आली. २०११ साली जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम आला. आशाताई घरोघर जाऊ लागल्या. १९९२-९३ च्या राष्ट्रीय पाहणीत देशातली शंभरातली सुमारे २६ बाळंतपणं दवाखान्यात झाली होती. २०१९-२१ च्या पाहणीत हा आकडा ८८ च्या वर गेला, महाराष्ट्रात तर जवळजवळ ९५. महाराष्ट्रात २००४-०६ मध्ये एक लाख जन्मांमागे १३० आया मरत होत्या. २०१८-२० मध्ये हा आकडा ३३ वर आला. हे लहान काम नाही. यात आशाताईंचे, सिस्टरचे आणि आपल्या गटांचेही कष्ट आहेत.

मग हिशेब कसला?

आमच्या गटातल्या एका बाईची सून २०१३ साली पहिलटकरीण होती. अंगात रक्त कमी म्हणून तिला पुढं पाठवलं, तिथून आणखी पुढं, शहरातल्या एका मोठ्या सरकारी रुग्णालयात. त्या शहराचं आणि रुग्णालयाचं नाव मी घेत नाही. एकाचं नाव घेतलं की बाकीचे सुटतात. मीच तिला घेऊन गेले होते. वॉर्डाच्या दाराशी आम्हाला अडवलं. पोरगी एकटी आत गेली. एका खाटेवर दोघी होत्या. कळा आल्या की ओरडायची, तर आतून आवाज येई, "नवऱ्याजवळ जाताना नाही रडलीस, आता कशाला बोंबलतेस?" हे मी जाळीच्या दाराबाहेरून माझ्या कानांनी ऐकलं. तिला लघवीला जायचं होतं, उठू दिलं नाही. कसलं सलाईन लावलं ते सांगितलं नाही. शेवटी ती हाक मारत राहिली आणि मूल खाटेवरच झालं, जवळ कोणी नसताना. शेजारच्या खाटेवरच्या बाईनं ओरडून सिस्टरला बोलावलं. मुलगी झाली हे सांगायलाही आयानं पैसे मागितले. मुलगा असता तर जास्त मागितले असते, एवढंच.

बाळ-बाळंतीण सुखरूप घरी आली. मीही म्हटलं, जाऊ द्या, जीव वाचला ना!

इथं माझी चूक झाली. ती घरी आल्यावर मी तिच्याजवळ बसले नाही. तिला काय वाटलं, एका शब्दानं विचारलं नाही. कागदावर तिचं बाळंतपण 'दवाखान्यात झालं' आणि माझ्याही वहीत ते यशस्वी म्हणूनच लिहिलं गेलं.

२०१६ साली ती पुन्हा गरोदर राहिली. नववा लागला, मी जायची तयारी सांगायला गेले, तर ती भिंतीकडं तोंड करून म्हणाली, "मले नाई जायचं तिथं. तिथं मानसाले मानूस मनत नाई." मी समजावलं, रागावले. ती 'हो' म्हणाली. पण पहाटे कळा सुरू झाल्या त्या तिनं कोणाला सांगितल्याच नाहीत. तोंडात पदर कोंबून पडून राहिली. घरीच मूल झालं आणि रक्त जाऊ लागलं. तोवर १०८ ची गाडी आली होती म्हणून ती वाचली. चार पिशव्या रक्त चढवावं लागलं. गाडीत तिचा हात माझ्या हातात होता आणि डोळ्यांपुढं माझी जाऊ होती.

मैत्रिणींनो, जाऊ गेली ती औषध नव्हतं म्हणून. ही मरणाच्या दारात गेली ती औषध असलेल्या जागेची भीती बसली म्हणून. बाईला वागणूक कशी मिळते हा नुसता मानापमानाचा प्रश्न नाही, जीवाचा प्रश्न आहे. मला आज एवढीच गोष्ट सांगायची आहे.

आता थोडी माहिती, कारण माहिती नसली की आपण गप्प बसतो. मूल झाल्यावर गर्भपिशवी आकसली नाही की रक्तस्राव होतो. म्हणून मूल बाहेर आल्यावर मिनिटाभरात मांडीत १० युनिट ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन देतात. ते जीव वाचवतं, त्याला नाही म्हणू नका. पण तेच औषध कळा वाढवायला, गर्दी लवकर हलवायला, नीट लक्ष न ठेवता सलाईनमधून सोडलं तर आईला आणि बाळाला दोघांनाही धोका असतो. म्हणून विचारायचं, "हे कशाचं सलाईन आहे?" हा उद्धटपणा नाही.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ साली बाळंतपणातल्या काळजीबद्दल सूचना प्रसिद्ध केल्या. पिशवीचं तोंड पाच सेंटिमीटर उघडेपर्यंतचा वेळ बाईगणिक वेगळा असतो, आई-बाळ ठीक असतील तर घाई करू नये, असं त्यात आहे. सरसकट प्रत्येकीला खाली कापून टाके घालू नयेत. मूल लवकर यावं म्हणून पोटावर दाब देऊ नये. जोखीम नसलेल्या बाईला खाऊपिऊ द्यावं, हिंडू द्यावं. आणि तिच्या पसंतीचं माणूस तिच्याजवळ असावं. आमची सुईण यातलं बरंच करत होती, फक्त तिला कोणी शास्त्र म्हणत नव्हतं.

सोबतीचं मोल अभ्यासांनीही दाखवलं आहे. १७ देशांतल्या १५ हजारांहून जास्त बायकांवरच्या २६ अभ्यासांचा एकत्र आढावा २०१७ साली निघाला. सतत कोणी जवळ असेल तर कळांचा काळ कमी होतो, सिझर कमी होतात, असं त्यात आढळलं. आपल्या केंद्र सरकारनं २०१६ सालीच सरकारी दवाखान्यात प्रसूतीच्या वेळी सोबतीण ठेवायला परवानगी दिली. म्हणजे २०१३ साली मला दारात अडवलं, पण आज अडवलं तर आपण हा नियम सांगू शकतो. सोबत जाणारीनं स्वच्छ कपडे घालावेत, कसला संसर्ग नसावा, शेवटपर्यंत थांबावं आणि उपचारात ढवळाढवळ करू नये, एवढं पाळायचं.

आता सिस्टरची बाजू. आपण त्यांना शिव्या देऊन मोकळ्या होतो. पण रात्रपाळीला एक सिस्टर आणि कळा देणाऱ्या आठ-दहा बायका, असं मी स्वतः पाहिलं आहे. तीही बाईच आहे, तिलाही घर आहे. तिच्यावर वरून डॉक्टर ओरडतात, बाहेरून नातेवाईक. म्हणून अपमान माफ होत नाही. पण फक्त एका सिस्टरला निलंबित करून काही बदलणारही नाही. खालच्या दवाखान्यात भूल देणारा डॉक्टर नाही, रक्त नाही, म्हणून धोका पत्करायला कोणी तयार नसतं. साध्या बाळंतपणाची बाईही चिठ्ठी देऊन पुढं ढकलतात आणि शहरातली खाट दोघींत वाटली जाते. गर्दी तिथं तयार होत नाही, ती इथून पाठवली जाते.

यावर उपाय सरकारच्याच कागदात आहे. २०१८ साली केंद्र सरकारनं मिडवाइफ सेवेबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. परिचारिकांना १८ महिन्यांचं जादा शिक्षण द्यायचं आणि साध्या बाळंतपणाची जबाबदारी त्यांच्याकडं सोपवायची, अडचण आली की डॉक्टर हजर. म्हणजे सुईणीची माया आणि दवाखान्याचं औषध एकाच माणसाच्या हातात. आमच्या गावाला दोन्ही कधी एकत्र मिळालंच नाही.

म्हणून आपल्या गटांनी पुढची कामं घ्यावीत असं मला वाटतं. एक, प्रत्येक गरोदर बाईची सोबतीण सातव्या महिन्यातच ठरवायची. दोन, जननी शिशु सुरक्षेत प्रसूती, सिझर, औषधं, तपासण्या, रक्त, साध्या बाळंतपणाला तीन आणि सिझरला सात दिवस जेवण, जाण्या-येण्याची गाडी हे सगळं फुकट आहे. हे प्रत्येक सासूलाही पाठ असलं पाहिजे. तीन, आपल्या तालुक्यातून कोणाला, का पुढं पाठवलं याची नोंद ठेवायची आणि ती घेऊन जिल्हा परिषदेत जायचं. जादा सिस्टर आणि शिकलेल्या मिडवाइफ मागायच्या. या मागणीत सिस्टरनाही बरोबर घ्यायचं.

आणि चौथं, सगळ्यात सोपं. बाळंतीण घरी आली की बाळ बघायला जातोच आपण. त्या वेळी आधी तिच्याजवळ बसायचं आणि विचारायचं, "तिथं तुझ्याशी कसं वागले?" जे सांगेल ते वहीत लिहायचं. ते मी २०१३ साली केलं नाही. आता प्रत्येकीला विचारते.

त्या सुनेची मोठी मुलगी आता शाळेत जाते. तिच्या वेळेपर्यंत तरी तोंडात पदर कोंबायची पाळी कोणावर येऊ नये, एवढ्यासाठी हे सगळं सांगितलं.