एक कंटेनर, आठ आकडे आणि माझा फाजील आत्मविश्वास

आजचा विषय ऐकून निम्मे लोक पुढच्या भागावर उडी मारतील याची मला कल्पना आहे. विषय आहे परदेशातून येणाऱ्या प्लास्टिकच्या दाण्यावर लागणारा कस्टमचा कोड. पण पाचच मिनिटं थांबा. कारण माझ्या एका चुकीमुळे माझ्या मामांचा कंटेनर बावीस दिवस न्हावाशेवा बंदरात अडकून पडला होता.

मामांचा नगरच्या नागापूर एमआयडीसीत छोटा कारखाना आहे. ठिबकची काळी नळी बनवतात. आपल्या जिल्ह्यात कांदा असो, डाळिंब असो, ठिबकशिवाय पान हलत नाही. ही नळी बनते एलएलडीपीई नावाच्या दाण्यापासून. दिसायला साबुदाण्यासारखा, पंचवीस किलोच्या गोणीत येतो. मामा आजवर तो मुंबईच्या व्यापाऱ्याकडून घ्यायचे. गेल्या वर्षी त्यांनी ठरवलं, आपणच थेट मागवायचा. एक कंटेनर, साधारण पंचवीस टन.

मला फोन आला. ‘‘अगं, तू एवढी बीटेक झालीस, ते कोडबिड काय असतं ते बघ की जरा.’’

आता हा कोड म्हणजे काय? जगात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक मालाला एक नंबर आहे. ही पद्धत ब्रुसेल्सच्या जागतिक सीमाशुल्क संघटनेची, १९८८ पासून जगभर लागू आहे. पहिले सहा आकडे सगळीकडे सारखे. त्यापुढे भारत आपले दोन जोडतो, म्हणून आपले आठ. ३९ म्हणजे प्लास्टिकचं प्रकरण. ३९०१ म्हणजे इथिलीनपासून बनलेले पॉलिमर. ३९०२ मध्ये पॉलिप्रॉपिलीन येतं, ३९०४ मध्ये पीव्हीसी. कर किती, सवलत आहे का, बंदी आहे का, सगळं या आकड्यांवर ठरतं.

मी म्हटलं, हे तर आपलंच काम! मी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. बिलावरचं मालाचं नाव वाचायचं आणि कोड सुचवायचा. नावात एलएलडीपीई दिसलं की ३९०११०१०. झालं. कोडच्या यादीत त्या नंबरसमोर एलएलडीपीई लिहिलेलं मी स्वतः पाहिलं होतं. पण वाक्य पुढे चालू होतं, ते काही मी वाचलं नाही.

त्या वाक्यात पुढे लिहिलंय की त्यात इथिलीनचा वाटा वजनाने ९५ टक्के किंवा जास्त हवा. म्हणजे बघा, एलएलडीपीई हे नुसतं इथिलीन नसतं. त्यात थोडं ब्युटीन, हेक्झीन किंवा ऑक्टीन मिसळलेलं असतं. त्यामुळेच नळी लवचीक होते आणि ताणाखाली चिरत नाही. हे मिश्रण ५ टक्क्यांच्या आत असेल, तर कायद्याच्या नजरेत ते पॉलिथिलीन. पाचाच्या वर गेलं आणि विशिष्ट गुरुत्व ०.९४ पेक्षा कमी असेल, तर तो माल ३९०१४० मध्ये जातो. हा कप्पा २०१७ पासून वेगळा झालाय. दाणा तोच, नाव तेच, गोणीही तशीच. हातात घेऊन कुणालाही फरक सांगता येणार नाही.

खरी लाज वाटते ती पुढची गोष्ट सांगताना. माल ज्या देशातून येत होता, त्याच्याशी भारताचा व्यापार करार आहे. माल तिथलाच आहे असा दाखला जोडला की करात सवलत मिळते. त्या दाखल्यावर विकणाऱ्याने ३९०१४० असंच लिहिलं होतं. माझ्या प्रोग्रॅमने दोन्ही नंबर जुळत नाहीत म्हणून लाल खूण दाखवली. आणि मी ती खूण बंद केली. म्हटलं, त्यांचीच टायपिंगची चूक असणार. क्लिअरिंग एजंटलाही तसंच ठामपणे सांगितलं.

दाखल्यावर एक नंबर आणि आपल्या कागदावर दुसरा, म्हटल्यावर शंका येणारच. नमुना प्रयोगशाळेत गेला. तोवर बाँड आणि बँक गॅरंटी देऊन माल तात्पुरता सोडवता येतो, पण मामांची बँकेतली मर्यादा आधीच संपलेली. सीझन तोंडावर, मशीन बंद ठेवता येईना. शेवटी त्यांनी इथल्याच बाजारातून महाग दाणा उचलला. अहवाल आला, इथिलीन ९५ च्या खाली. कागद दुरुस्त झाले, सवलतही मिळाली. पण कंटेनरचं भाडं आणि महाग दाणा धरून दीड लाखाच्या वर गेले ते गेलेच.

यात कस्टमला दोष देऊन उपयोग नाही. २०११ पासून आपल्याकडे स्वयंनिर्धारण आहे. म्हणजे कोड आणि कर आयात करणाऱ्यानेच सांगायचा, जबाबदारीही त्याचीच. कर कमी भरला गेला तर दोन वर्षांपर्यंत मागणी येऊ शकते. मुद्दाम लपवल्याचं सिद्ध झालं तर पाच वर्षांपर्यंत.

आणि हे आकडे किती वजनदार असतात, त्याचं आपल्या चौकातलं उदाहरण घ्या. भाऊंच्या वाढदिवसाचा फ्लेक्स! तोही पीव्हीसीचा. पण दाणा ३९०४ मध्ये आणि फ्लेक्सचं कापड ३९२० किंवा ३९२१ मध्ये. पर्यावरणाला घातक म्हणून जुलै २०२४ च्या बजेटमध्ये फ्लेक्सवरची कस्टम ड्युटी १० वरून २५ टक्के केली. दाणा आणि फ्लेक्स वेगळ्या कप्प्यांत आहेत, म्हणून तर नेमका फ्लेक्सच महाग करता आला.

मग आता मी काय बदललं? माझा प्रोग्रॅम आता एलएलडीपीई दिसलं की थांबतो आणि विचारतो: इथिलीन किती टक्के? विशिष्ट गुरुत्व किती? उत्तर नसेल तर कोड देतच नाही. विकणाऱ्याच्या माहितीपत्रकात बऱ्याचदा ही टक्केवारी नसते, ती ऑर्डर देण्याआधी लेखी मागायची. शंका राहिली तर सिपेटसारख्या संस्थेतून तपासून घ्यायचं, छत्रपती संभाजीनगरला त्यांचं केंद्र आहे. आणि नेहमी आयात करणार असाल, तर आधीच अर्ज करून अग्रिम निर्णय घेता येतो. त्याचं प्राधिकरण मुंबईत आहे.

मामा मला एका शब्दानेही बोलले नाहीत. नळीचं एक बंडल गाडीत टाकताना फक्त म्हणाले, ‘‘लाल दिवा लागला तर मशीन बंद करतो आम्ही. दिवा नाही काढून टाकत.’’

तुमच्याही कामात असा एखादा लाल दिवा असेल, जो तुम्ही कंटाळून बंद करून ठेवलाय. आज तो चालू करून बघा. भेटू पुढच्या भागात!