दम्याच्या पंपाची भीती कशाला?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपल्या मंडळात पाककृतीवर, भरतकामावर, फार झाले तर मुलांच्या संगोपनावर बोलण्याची रीत आहे. मी दम्यावर बोलते म्हटल्यावर चिटणीसबाई म्हणाल्या, "अहो, आनंदाच्या दिवशी आजारपण कशाला?" पण मागच्या भजनाच्या वेळी आपल्यातल्याच दोघीजणी पंप पदराआड धरून व्हरांड्यात गेलेल्या मी पाहिल्या. त्यांची नावे मी घेणार नाही. मला स्वतःला बावीस वर्षे दमा आहे. शिक्षण सातवीपर्यंतचे, डॉक्टरीतले मी काय सांगणार? पण जे रोज दोन वेळा करावयाचे, ते का करावयाचे हे डॉक्टरांना विचारून विचारून मी समजून घेतले आहे, आणि तेवढेच आज सांगणार आहे.

पहिली गोष्ट ही की पंप दोन तऱ्हेचे असतात. एक अडीनडीचा, दुसरा रोजचा. अडीनडीच्या पंपात बहुधा साल्ब्युटामॉल असते. तो घेतला की पाच-दहा मिनिटांत छाती मोकळी होते आणि चार-सहा तास बरे वाटते. रोजच्या पंपात बुडेसोनाइड, बेक्लोमेथासोन किंवा फ्लुटिकासोन असे एखादे स्टिरॉइड असते. तो घेतल्यावर लगेच काहीच वाटत नाही. म्हणूनच बायका म्हणतात, "ह्या पंपात काही दम नाही," आणि तो फळीवर धूळ खात पडतो.

दम्यात श्वासाच्या नळ्यांना आतून सूज असते. धाप नसते त्या दिवशीही ती थोडीबहुत असतेच. मग सर्दी, धूर, धूळ, गार वारा असे काही निमित्त झाले की नळ्या आवळतात आणि छातीत शिट्टी वाजू लागते. भात उतू जाऊ लागला की आपण चटकन झाकण काढतो. फेस खाली बसतो खरा, पण आच तशीच मोठी राहिली तर पुन्हा उतू येणारच. अडीनडीचा पंप झाकण काढतो. आच कमी करण्याचे काम रोजच्या पंपाचे, आणि त्याला काही दिवस, कधी काही आठवडे लागतात. दम्यासाठी जगभरच्या डॉक्टरांना मार्गदर्शन करणारे 'जिना' नावाचे मंडळ आहे. मोठ्या माणसांना आणि मोठ्या मुलांना नुसत्या अडीनडीच्या पंपावर ठेवू नये, स्टिरॉइड श्वासातून मिळालेच पाहिजे, असे त्याने २०१९ साली स्पष्ट सांगितले. वर्षात अडीनडीच्या पंपाचे तीन किंवा अधिक डबे संपत असतील, तर झटक्याचा धोका वाढलेला आहे असे समजतात. आपल्या घरात किती डबे संपतात ते जरा मोजून पाहा. हल्ली काही डॉक्टर दोन्ही औषधे एकत्र असलेला एकच पंप देतात, रोजही तोच आणि अडीनडीलाही तोच. पण ते त्यांनी तसे सांगितले असेल तरच.

आता स्टिरॉइड ह्या शब्दाची भीती. व्यायामशाळेत पोरे चोरून घेतात, ती जात निराळी. दम्याच्या गोळ्यांत असते त्या जातीचेच हे आहे, पण माप पाहा. एक मिलिग्रॅम म्हणजे हजार मायक्रोग्रॅम. गोळी पाच मिलिग्रॅमची, म्हणजे पाच हजार मायक्रोग्रॅम, आणि ती सबंध अंगात फिरते. पंपाचा एक दाब पुष्कळदा शंभर किंवा दोनशे मायक्रोग्रॅमचा, तोही थेट छातीत जाणारा. औषधे निरनिराळी असल्याने हा हिशेब तंतोतंत नव्हे, पण अंदाज यावा. गंमत अशी, की ज्या बायका पंपाला घाबरतात, त्याच कुणा वैदूच्या बिननावाच्या पुड्या निर्धास्तपणे घेतात. तशा पुड्यांत कुटलेल्या स्टिरॉइडच्या गोळ्या अनेकदा सापडल्या आहेत.

पंपाचा त्रास मुळीच नाही असेही मी म्हणणार नाही. औषध तोंडात राहिले तर जिभेवर, टाळ्याला पांढरे चट्टे येतात आणि आवाज घोगरा होतो. मोठा डोस वर्षानुवर्षे घेतला तर मोतीबिंदू, हाडे ठिसूळ होणे, असेही होऊ शकते. म्हणून दमा ताब्यात राहील असा कमीत कमी डोस हवा, आणि तो डॉक्टरांनी ठरवावयाचा. तीनेक महिने तब्येत उत्तम राहिली की तेच कमी करतात. मुलांच्या आया उंचीचे विचारतात. अमेरिकेत लहानपणी काही वर्षे बुडेसोनाइड घेतलेल्या मुलांची मोठेपणी उंची मोजली, त्याचा निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाला. न घेतलेल्यांपेक्षा ती सरासरी १.२ सेंटिमीटरने कमी भरली. म्हणजे अर्धे बोट. रात्र रात्र बसून काढणारे आणि शाळा बुडणारे मूल पाहिले आहे, त्या आईने काय ते ठरवावे. माझे मत मी लपवीत नाही.

घेण्याची रीत सांगते, कारण निम्मे औषध इथेच वाया जाते. दाबाचा पंप असेल तर तो हलवावा, श्वास सोडावा, आणि दाबताना हळूहळू खोल श्वास घेऊन दहा आकडे मोजेपर्यंत रोखावा. सगळ्यांना हे जमत नाही. त्यासाठी स्पेसर नावाची पोकळ नळी मिळते. तिच्यात एका वेळी एकच दाब सोडावा आणि सावकाश ओढावा. अगदी लहान मुलाला तिलाच मास्क लावतात. स्पेसर साबणाच्या पाण्याने धुवावा, पण फडक्याने पुसू नये. पुसला की औषध आतल्या बाजूला चिकटते, नुसताच निथळू द्यावा. कॅप्सूलची पूड ओढावयाचे यंत्र असेल तर रीत उलटी. तिथे जोराने आणि झटकन ओढावे लागते, आणि यंत्रात फुंकर मारावयाची नाही. आमच्या गल्लीतल्या एका आजींनी महिनाभर त्या कॅप्सूल पाण्याबरोबर गिळल्या आणि वर म्हणाल्या, "औषध लागू पडत नाही हो!" दर खेपेला पंप डॉक्टरांकडे न्यावा आणि त्यांच्यासमोर ओढून दाखवावा. त्यात लाज कसली?

घेऊन झाले की खळखळून चूळ भरावी आणि थुंकावी. मी दात घासण्याआधीच पंप घेते, म्हणजे आठवणही राहते आणि चूळही होते. हरतालिकेच्या निर्जळी उपासाला चूळ चालते का, असे मला दोघींनी विचारले. अहो, पाणी थुंकावयाचेच आहे. आणि पंप म्हणजे काही फराळ नव्हे.

जे सांगण्यासाठी मी मुख्यतः उभी राहिले, ते आता सांगते. आमच्या नणंदेच्या मुलीला लहानपणापासून दमा. रोजच्या पंपावर चार वर्षे तिला झटका नव्हता. लग्न ठरले तेव्हा नणंदबाई म्हणाल्या, "आता बरीच आहेस की, तिकडे पंप काढू नकोस. लोक काय म्हणतील?" पोरीने पंप माहेरीच ठेवला. दोन महिने काही झाले नाही. पावसाळा लागला, भिंतींना ओल आली, त्यात तिला सर्दी झाली. एका रात्री तिला चार शब्द सलग बोलता येईनात. नवऱ्याला काय होते आहे हेच कळेना, कारण त्याला कुणी सांगितलेच नव्हते. चार दिवस दवाखान्यात काढल्यावर ती घरी आली. आता तिचा पंप उघड्यावर, आरशापाशी असतो. सासू अजून कुरकुरते. कुरकुरू द्या.

बरे वाटते ते पंपामुळे वाटते. चष्मा लावून नीट दिसते म्हणून चष्मा कुणी फेकून देत नाही. पंपाची सवय लागते हेही खरे नव्हे. मूल होणार असेल तर भीतीने तो सोडून देणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत. पोटातल्या बाळाला धोका पंपापेक्षा आईची धाप लागण्याचा जास्त असतो. तेव्हा दिवस राहिले की डॉक्टरांना सांगावे, पण पंप आपल्या मनाने थांबवू नये. मृग लागताना हैदराबादला मासळीतून औषध गिळायला लोक जातात, कुठे कोजागिरीच्या खिरीतून देतात. कुणाच्या श्रद्धेला मी बोल लावीत नाही, पण त्यासाठी रोजचा पंप बंद ठेवू नका. आणि घरात डासांची कॉइल, उदबत्ती, विडीचा धूर असेल तर तो आधी बाहेर काढा.

एक मात्र पक्के लक्षात ठेवावे. झटका आल्यावर साधा रोजचा पंप कामाचा नाही. त्या वेळी अडीनडीचाच, स्पेसरमधून एकेक दाब, डॉक्टरांनी लिहून दिल्याप्रमाणे. त्याने उतार पडला नाही, वाक्य पुरे बोलता येत नाही, ओठ निळसर दिसतात, असे झाले तर सकाळची वाट पाहू नये. १०८ ला फोन करावा.

स्पेसर आणि माझे दोन्ही रिकामे पंप मी बरोबर आणले आहेत. चहा होईपर्यंत ते टेबलावर ठेवते. हातात घेऊन पाहा, दाबून पाहा, फक्त तोंडाला लावू नका. आणि ज्यांना सगळ्यांसमोर विचारावयाचे नसेल, त्यांनी मला व्हरांड्यात गाठले तरी चालेल.