एकट्याचा परदेश प्रवास : थोडी हिंमत, बराच हिशेब
(मंडळाच्या गणेशोत्सवात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी रुळांवर काम करणारा डिप्लोमा इंजिनिअर. भाषणाची सवय नाही. पण गेल्या वर्षी मी एकटाच मॉरिशसला जाऊन आलो. तेव्हापासून "एकटे कसे गेलात? किती खर्च आला? भीती नाही वाटली?" असे सगळेच विचारतात. शेवटी कार्यकारिणी म्हणाली, एकदाच सर्वांना सांगून टाका.

सुरुवात आपल्या बुढापाऱ्यापासूनच करतो. १८७७ च्या सुमारास किशोरवयीन नरेंद्र, म्हणजे पुढचे स्वामी विवेकानंद, इथे राहत होते. बूढा तालाबाला त्यांचेच नाव आहे. ३१ मे १८९३ ला ते मुंबईहून बोटीने निघाले आणि जुलैअखेर शिकागोला पोहोचले. सर्वधर्म परिषद मात्र ११ सप्टेंबरला होती. हाती ओळखपत्र नाही, पैसे झपाट्याने संपत चाललेले. खर्च कमी म्हणून ते बोस्टनकडे गेले. तिथे प्राध्यापक राइट यांनी शिफारसपत्र दिले आणि पुढचा इतिहास घडला. ते विवेकानंद होते म्हणून निभावले. आपण साधी माणसे. तारीख, कागद आणि पैसा या तीन गोष्टी आपण घरूनच पक्क्या करून निघाव्यात.

मॉरिशसच का? कोकण-साताऱ्याकडची माणसे एकोणिसाव्या शतकात मजूर म्हणून तिथल्या उसाच्या मळ्यांत गेली. त्यांचे वंशज आजही गणपती बसवतात. हेन्रिएटा गावात १८९६ साली पहिला गणपती बसला असे सांगतात. आज गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते. आपणही महाराष्ट्राबाहेर राहून हा उत्सव करणारे. ते कसे करतात, हे पाहायची फार इच्छा होती. मुलीचे बारावीचे वर्ष, सौ.ला रजा नाही. म्हणून एकटाच निघालो.

आधी तारीख. उष्ण कटिबंधातल्या देशात हवामान पाहिल्याशिवाय तिकीट काढू नये. मॉरिशसला चक्रीवादळांचा काळ साधारण नोव्हेंबर ते एप्रिल. मे ते ऑक्टोबर हवा थंड आणि कोरडी. आपला गणपती नेमका या चांगल्या काळात येतो. तरी डास असतातच. २००५-०६ मध्ये त्या बेटावर चिकनगुनियाची मोठी साथ आली होती. डासांचे मलम आणि पूर्ण बाह्यांचे सदरे घ्यावेत. रोजची औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीसह घ्यावीत.

मग कागद. आपल्या पर्यटकांना आधी व्हिसा काढावा लागत नाही, तिथे उतरल्यावर मिळतो. पण परतीचे तिकीट, राहण्याचा पत्ता आणि पुरेसे पैसे दाखवावे लागतात. नियम बदलतात, म्हणून निघण्याआधी पुन्हा पाहावेत. सहकाऱ्यांनो, आपल्याला परदेशासाठी सक्षम अधिकाऱ्याची मंजुरीही लागते. तो अर्ज सर्वांत आधी टाका. साहेबांच्या टेबलावर कागद किती दिवस राहतो, ते तुम्ही जाणताच!

आता पैसा. मुंबईपर्यंत पास होता. विमानाचे जाण्या-येण्याचे तिकीट ४८ हजार, सात रात्री घरगुती लॉजमध्ये २१ हजार, जेवण आणि फिरणे ९ हजार, विमा २ हजार. एकूण ८० हजार. शिवाय १५ हजार वेगळ्या पाकिटात ठेवले होते, ते तसेच परत आणले. एकट्याला खोलीचे आणि टॅक्सीचे भाडे पूर्ण भरावे लागते. बचत होते ती बस आणि मेट्रोत. तिथली जुनी रेल्वे १८६४ ला सुरू झाली, प्रवासी गाड्या १९५६ ला बंद पडल्या. आता भारताच्या मदतीने, लार्सन अँड टुब्रोने बांधलेली मेट्रो पोर्ट लुईहून क्युरपीपपर्यंत धावते. आपल्या लोकांचे काम पाहून ऊर भरून आला. दोनदा उगाचच बसलो!

आता माझी चूक सांगतो. घरी ठरले होते की रोज रात्री तिथल्या ८ वाजता, म्हणजे आपल्याकडच्या साडेनऊला, मी फोन करायचा. अर्धा तास उशीर झाला तर सौ.ने लॉजवर फोन करायचा. एका संध्याकाळी गावातल्या आरतीला बसलो. बोलणे सगळे क्रिओल भाषेत, पण आरती मराठीत! उठवेना. बाहेर आलो तर शेवटची बस गेलेली. तिथे खेड्यांकडच्या बस संध्याकाळीच बंद होतात, हे मी वहीत लिहूनही ठेवले होते. मोबाइलची बॅटरी संपलेली. अंधार, दोन्हीकडे ऊस. खरे सांगतो, घाम फुटला.

खिशात कागद होता. त्यावर लॉजचा पत्ता, फोन, पोलिसांचा ९९९ आणि रुग्णवाहिकेचा ११४ हे क्रमांक. आरतीच्या घरी परत गेलो, कागद दाखवला. त्या घरच्या आजोबांनी लॉजवर फोन लावला. लॉजवाली बाई म्हणाली, "तुमच्या मिसेसचा आत्ताच फोन येऊन गेला." त्यांच्या मुलाने मला गाडीने सोडले. लॉजवर पोहोचताच घरी फोन केला. सौ. एवढेच म्हणाली, "आई अजून देवापुढे बसल्यात." त्या रात्री मला झोप लागली नाही.

मंडळी, लोक चांगले भेटले हे बाप्पाची कृपा. पण तो कागद आणि फोनची ठरलेली वेळ नसती, तर त्या घरच्यांनी तरी कुठे फोन केला असता? आपण रुळावर ब्लॉक घेतो तेव्हा ठरल्या वेळेआधी काम आटोपतो आणि शेजारच्या स्टेशनला कळवतो. एकट्या प्रवासाचेही तसेच आहे. जाणारा एकटा असला तरी घरी कुणीतरी घड्याळाकडे पाहत बसलेले असते.

तेव्हा जरूर जा. तरुणांनी जा, निवृत्त मंडळींनीही जा. फक्त शेवटची बस चुकवू नका.

एवढे बोलून मी आपली रजा घेतो. गणपती बाप्पा मोरया!