नोकरीचा अर्ज आणि आपल्या कामाची नोंद

(जबलपूर येथे मराठी भाषिक रेल्वे व टपाल कामगार आणि त्यांच्या मुलामुलींसाठी झालेल्या मार्गदर्शन सभेतील भाषण)



आजचा विषय पगाराचा नाही, बोनसचा नाही, म्हणून काही मंडळी दारातूनच परत गेली असे कळले. जाऊ द्या. जे बसले आहेत त्यांच्यापैकी बहुतेकांच्या घरात सध्या कोणी ना कोणी अर्ज लिहीत आहे. कुणाचा मुलगा अप्रेंटिसशिप पुरी करून बसला आहे, कुणाची मुलगी नागपूर-पुण्याच्या कंपन्यांकडे अर्ज पाठवते आहे, आणि कुणी स्वतःच साठीला टेकले असून पुढे काय, या विवंचनेत आहे. अर्ज जातात, उत्तर येत नाही. मग आपण म्हणतो, वशिला नाही. वशिला चालतो हे मी नाकारत नाही. पण आपला कागदच मुका असेल तर वशिल्यापर्यंत गोष्ट पोहोचतच नाही.

प्रथम एक घोळ दूर करू. सरकारी भरतीचा फॉर्म वेगळा आणि बायोडाटा वेगळा. केंद्र सरकारच्या खालच्या, म्हणजे गट 'क' आणि अराजपत्रित गट 'ब' च्या पदांसाठी मुलाखत १ जानेवारी २०१६ पासून बंद झाली. ग्रामीण डाक सेवकाची निवड दहावीच्या गुणांवर होते. तेथे सुंदर बायोडाटा लिहून एक गुणही वाढत नाही. फॉर्ममधला रकाना बिनचूक भरणे एवढेच आपल्या हाती असते. बायोडाटा लागतो तो खासगी कंपनीत, ठेकेदाराकडे, मेट्रोसारख्या महामंडळातल्या काही कंत्राटी जागांसाठी, आणि निवृत्तीनंतरच्या कामासाठी. कटनी-सतना पट्ट्यात सिमेंट कारखान्यांच्या खासगी सायडिंग आहेत. तेथे शंटिंग जाणणारा, वाघिणी ओळखणारा माणूस लागतो. असा माणूस आपल्याकडे आहे, पण त्याच्या कागदावरून ते कळत नाही.

आपल्या समाजात बायोडाटा हा शब्द लग्नाच्या बाजारातून आला आहे, ही मोठी अडचण आहे. त्यामुळे नोकरीच्या कागदावरही उंची, वर्ण, रास, मामांचे आडनाव आणि 'घर स्वतःचे' असे येते. ते सगळे काढून टाका. नाव, पत्ता, फोन, कोणत्या जागेसाठी अर्ज, आणि लगेच काम. शिक्षण त्यानंतर. अनुभव नसलेल्या मुलांनी मात्र शिक्षण आधी लिहावे.

आता मुख्य मुद्दा. आपण पद लिहितो, काम लिहीत नाही. आपला एक की-मन बंधू लिहितो, 'रेल्वेत ट्रॅकमन, २००१ पासून.' झाले! चोवीस-पंचवीस वर्षे एका ओळीत संपली. तो रोज आपल्या बीटवर पायी चालतो, ढिली चावी ठोकतो, बोल्ट आवळतो, रुळाला तडा दिसला तर गाडी थांबवण्याची व्यवस्था करतो, पावसाळ्यात रात्रीची गस्त घालतो. हे लिहायला नको? किती किलोमीटरची बीट, किती वर्षे, हाताखाली किती माणसे, सुरक्षेचे कोणते प्रशिक्षण कोणत्या साली, कधी प्रशस्तिपत्र मिळाले असेल तर त्याची तारीख. आकडा आणि साल घातले की वाचणाऱ्याला माणूस दिसू लागतो. 'मेहनती, प्रामाणिक, होतकरू' हे शब्द सगळेच लिहितात. त्यांच्यावर शाई खर्च करू नका.

आर.एम.एस. मधल्या मंडळींचे तर विचारूच नका. 'सॉर्टिंग असिस्टंट' एवढे लिहून मोकळे! अहो, धावत्या मुदतीत पिनकोड पाहून टपालाची वर्गवारी करणे, थैल्या बांधणे आणि सील करणे, विमा उतरवलेल्या पाकिटांचा हिशेब याद्यांशी ताडून जबाबदारीने पुढच्या हाती देणे, हे काम आज मोठमोठ्या कुरियर कंपन्यांच्या गोदामांत निराळ्या इंग्रजी नावांनी चालते. पिनकोडची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाली, ती आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे आपले मराठी अधिकारी आणि संस्कृतचे कवी. आणि पाहा, त्या पद्धतीत जबलपूर आणि सारा महाराष्ट्र एकाच ४ या आकड्याने सुरू होतो. हे विषयांतर झाले, पण सांगितल्यावाचून राहवले नाही.

सेवेच्या तारखा कुठून काढायच्या? स्मरणातून नव्हे. सेवापुस्तिकेतून. ती पाहण्याचा आपला हक्क आहे. बदली, पदोन्नती, प्रशिक्षण यांच्या तारखा तिच्यातून एका वहीत उतरवून ठेवा. निवृत्तीच्या महिन्यात धावाधाव करण्यापेक्षा हे आज होऊ शकते.

पुष्कळ मुलांना रिकाम्या वर्षांची भीती वाटते. आजारपण, वडिलांचे जाणे, नापास होणे, यामुळे दोन-तीन वर्षे गेली असतील तर ते तारखा ओढून-ताणून झाकतात. फेब्रुवारी १९१२ मध्ये मद्रासच्या पोर्ट ट्रस्टमध्ये कारकुनाच्या जागेसाठी एका तरुणाने अर्ज केला. मॅट्रिक झालो आहे, एफ.ए. पर्यंत शिकलो, प्रतिकूल परिस्थितीमुळे पुढे शिकता आले नाही, पण सारा वेळ गणितात घालवला आहे, असे त्याने थोडक्यात आणि सरळ लिहिले. सोबत प्रेसिडेन्सी कॉलेजच्या गणिताच्या प्राध्यापकांचे शिफारसपत्र जोडले. महिना तीस रुपयांवर जागा मिळाली, १ मार्चला तो रुजूही झाला. तो तरुण म्हणजे श्रीनिवास रामानुजन. आपण रामानुजन नाही हे खरे, पण खंड कसा सांगावा हे त्या अर्जातून घेता येते. शिक्षण थांबले हे सांगितले, त्या काळात काय केले हेही सांगितले, आणि रडगाणे गायले नाही.

आता सत्याबद्दल. नेमणुकीच्या वेळी साक्षांकन फॉर्म भरावा लागतो. त्यात अटक, खटला, शिक्षा यांविषयी प्रश्न असतात. आंदोलनात गुन्हा दाखल झालेली मुले तेथे 'नाही' लिहून मोकळी होतात. २०१६ साली अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की विचारलेली माहिती खरीच दिली पाहिजे. ती दडवली तर नेमणूक रद्द होऊ शकते. पण त्याच निकालात असेही आहे की तरुण वयात घोषणा देण्यासारखे किरकोळ प्रकरण मालक नजरेआड करू शकतो. म्हणजे घोषणा दिली हे क्षम्य ठरू शकते, आणि ती लपवली म्हणून मात्र नोकरी जाण्याचा धोका. तेव्हा लिहा.

आपल्या मराठी घरांची एक खास डोकेदुखी आहे, ती नावाची. आपण नाव, वडिलांचे नाव, आडनाव असे तीन शब्द लावतो. इथल्या शाळांच्या गुणपत्रिकेवर वडिलांचे नाव वेगळ्या रकान्यात असते, आधारकार्डावर तिन्ही एकत्र, बँकेत आद्याक्षर. पुढे कागदपत्रांच्या तपासणीत हा दुसराच माणूस आहे काय, असा प्रश्न उभा राहतो. भरतीसाठी दहावीचे प्रमाणपत्र प्रमाण मानतात. अर्जात नाव आणि जन्मतारीख त्याच्याप्रमाणेच लिहा, आणि बाकीचे कागद आधी त्याच्याशी जुळवून घ्या. लग्नानंतर नाव बदललेल्या भगिनींनी तर हे जाहिरात येण्याची वाट न पाहता करावे.

जे नोकरीत आहेत आणि दुसऱ्या केंद्रीय खात्यात जाऊ पाहतात, त्यांनी अर्ज योग्य मार्गानेच, म्हणजे आपल्या कार्यालयामार्फत करावा. तसा अर्ज करून, परवानगीने गेलात तर राजीनामा तांत्रिक धरला जातो आणि मागची सेवा जोडली जाते. परस्पर गेलात तर वर्षानुवर्षांच्या सेवेवर पाणी पडू शकते. वरिष्ठांना कळेल या संकोचापायी माणसे एवढी मोठी किंमत मोजतात. अर्ज दिल्याची पोच, तारखेसह, घ्या.

भाषेचे म्हणाल तर कार्यालयातला अर्ज हिंदीत किंवा इंग्रजीत देण्याचा पर्याय १९७६ च्या राजभाषा नियमांनी कर्मचाऱ्याला दिला आहे. ज्या भाषेत बोलता येईल त्याच भाषेत लिहा. दुकानदाराने लिहून दिलेले इंग्रजी मुलाखतीत दुसऱ्याच मिनिटाला उघडे पडते.

आणि फॉर्म भरून देणाऱ्या दुकानांविषयी. तेथे फॉर्म भरा, पण मोबाइल नंबर आणि ईमेल स्वतःचा द्या, पासवर्ड स्वतःच्या वहीत ठेवा. हॉल तिकिटाचा निरोप दुकानदाराच्या फोनवर जाऊन पडतो आणि परीक्षा निघून जाते. मूळ प्रमाणपत्रे कुणालाही ठेवायला देऊ नका, आणि 'आत ओळख आहे' म्हणणाऱ्याला एक पैसाही देऊ नका. कागद टपालाने पाठवायचे असतील तर पावती जपा. जुने रजिस्टर पोस्ट २०२५ साली स्पीड पोस्टात विलीन झाले, हे टपालवाल्यांना मी काय सांगावे.

ज्यांनी कागद आणले आहेत त्यांनी सभा संपल्यावर मागच्या टेबलावर यावे. गुणपत्रिका आणि आधारकार्ड शेजारी शेजारी ठेवून आधी नावे जुळवू, मग कामाकडे वळू.